जर्सीच्या छातीवर कुणाचं नाव?

(कोल्हापुरातल्या एका वस्तीच्या फुटबॉल क्लबच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



समाजमंदिरातली ट्यूब मघापासून फडफडतेय. लाईट जायच्या आत मुद्द्याचं बोलून घेतो.

आपल्यापुढं आज एकच विषय आहे. एक गृहस्थ आपल्या क्लबला पैसे द्यायला तयार झालेत. त्यांचं नाव मी घेत नाही. तुम्हा सगळ्यांना ते ठाऊक आहे, आणि नाव घेतलं की माणसाची भलावण नाहीतर बदनामी सुरू होते, मूळ प्रश्न बाजूला राहतो. ते काय देणार? जर्सीचे दोन सेट, सगळ्यांना बूट, मोसमभराची अंडी-केळी-दूध, प्रवेश फी, आणि वर दोन बाहेरचे खेळाडू आणायचा खर्च. त्यांना काय पाहिजे? जर्सीच्या छातीवर त्यांचं नाव. क्लबच्या नावाच्या आधी त्यांच्या वडलांचं नाव. आणि त्यांची सभा-रॅली असेल त्या दिवशी ‘पोरं’. पोरं म्हणजे तुम्ही. गाड्यांत पेट्रोल ते टाकणार, झेंडे ते देणार, घोषणा ते लिहून देणार. घसा तेवढा तुमचा.

परवा कट्ट्यावर एक पोरगा मला म्हणाला, “काका, घ्या की पैसे. आपल्याला फुटबॉल खेळायचाय, निवडणूक त्यांची त्यांनी लढवावी.” त्याच्या बोलण्यात खोट नाही. दोन वर्षं शिवलेल्या बुटावर खेळणाऱ्या पोराला मी तत्त्वज्ञान ऐकवणार नाही. हिशेब ऐकवणार आहे. मी फौंड्रीत मोल्डर आहे, साच्यात किती लोखंड ओतलं आणि किती वाया गेलं हे संध्याकाळी सांगावंच लागतं. तसाच हा हिशेब.

आधी एका शंकेचा निकाल लावतो. आपल्यातले काही शिकलेले लोक विचारतात की फुटबॉल हा काय चळवळीचा विषय झाला? माणसं जळताहेत, नोकऱ्या संपल्या, शाळा बंद पडताहेत आणि तुम्ही चेंडूच्या मागं लागलाय! या विद्वानांना मी पळवणकर बाळूची आठवण देतो. चांभाराचा पोरगा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि साहेबांना तासन्‌तास बॉलिंग टाकायचा. बॅट काही त्याच्या हातात कुणी दिली नाही. पुढं पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून त्याला संघात घेतलं. मैदानात त्यानं फेकलेला चेंडू सगळे हातात धरायचे, आणि चहाची वेळ झाली की त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यानं शंभरावर बळी घेतले. तरी कप्तानपद त्याला मिळालं नाही. धाकटा भाऊ विठ्ठल हिंदूंच्या संघाचा कप्तान झाला तो १९२३ साली, तेही बरीच भांडणं होऊन. म्हणजे मैदानावर घाम आपला चालतो, सही चालत नाही. हा प्रश्न चळवळीचा नसेल तर दुसरा कुठला आहे ते मला सांगा.

आता आपल्या गावाकडं येऊ.

बाकी महाराष्ट्र क्रिकेटच्या मागं धावला तरी कोल्हापूर फुटबॉलचं राहिलं. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग बांधलं ते कुस्तीसाठी. पण ज्या तालमीत पोरं घुमायची त्याच तालमीतनं फुटबॉलचे संघ निघाले. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन झाली, आपण केएसए म्हणतो ती. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही तालमींची नावं आणि तीच संघांची नावं. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांची ईर्षा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की दुकानदार शटर खाली ओढून येतो, रिक्षावाला रिक्षा लावून येतो. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. तिथं गणपती बसतो, मोहरमात पंजेही बसतात, मयताला माणसं तिथनं निघतात, भिशीही तिथंच चालते. म्हणून तिथला संघ हरला तरी मोडत नाही. खेळाडू गेले, पैसा संपला, गट खाली घसरला, तरी तालमीची इमारत जागेवर असते आणि पेठेतली चार डोकी संध्याकाळी तिथं बसलेली असतात. ती पुन्हा अकरा पोरं उभी करतात.

याचा मला हेवा वाटतो. उघड सांगतो.

कारण आपल्याला ती इमारत नाही. आपल्या आज्याला पेठेत घर मिळत नव्हतं, तर तालमीच्या जागेत वाटा कुठनं मिळणार? आपला पोरगा चांगला खेळला तर पेठेचा संघ त्याला आनंदानं घेतो, खांद्यावर नाचवतो, याला मी नाही म्हणणार नाही. पण तालमीच्या कमिटीत, पावतीपुस्तकावर, बँकेच्या चेकवर आपल्या वस्तीतला माणूस किती ठिकाणी दिसतो? मोजा आणि मला सांगा. म्हणून आपल्या बापजाद्यांनी वस्तीचा स्वतंत्र क्लब काढला. त्यातले निम्मे शाहू मिलचे कामगार होते. पाळी सुटली की अंगावरचा कापूस झटकायचा आणि मैदानावर यायचं. पगाराच्या दिवशी मिलच्या गेटावर वर्गणी जमायची. पावतीबिवती काही नाही, पण कुणी किती दिलं हे सगळ्यांच्या तोंडपाठ. शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेली ती मिल २००३ साली बंद पडली, आणि गेटावरची आपली वर्गणीही बंद पडली.

इथनं आपली घसरण सुरू झाली. पोरं कमी पडली म्हणून क्लब मोडला असं जे सांगतात ते चूक आहे. पोरं कायम होती. वस्तीत कमाईचा जो एक ठरावीक दिवस होता, तो गेला. कुणी शिरोलीला, कुणी गोकुळ शिरगावला कंत्राटावर, कुणी सेंट्रिंगच्या कामावर, कुणी हमाल. कुणाचा पगार सात तारखेला, कुणाचा वीसला, कुणाचा मुकादमाच्या मर्जीला. मग वर्गणी मागायची कधी आणि कुणाकडं? तेव्हा आपल्याला एक दाता भेटला. तेही नाव नको. तीन मोसम त्यानं दिलं. त्या तीन मोसमांत वस्तीतल्या एकाही घरातनं एक रुपया मागितला गेला नाही. आपल्या खऱ्या नुकसानाची सुरुवात ती. पुढं निवडणुकीत तो पडला, आणि पडला त्या दिवसापासून त्याचा फोन लागेना. खेळाच्या सामानाच्या दुकानात उधारी आपल्या नावावर, जर्सी शिवणाऱ्याचे पैसे आपल्या नावावर. छातीवर नाव त्याचं होतं, वहीतलं नाव आपलं!

तोवर गावातला फुटबॉलही बदलला होता. मोठ्या संघांनी आफ्रिकेतनं आलेले खेळाडू आणायला सुरुवात केली. मोसमाचा करार, राहायला खोली, जेवण, येणं-जाणं. त्या परदेशी पोरांवर माझा राग नाही. घरदार सोडून पोटासाठी पायावर जगणारा माणूस आपल्याच जातीचा, मग त्याचा देश कुठला का असेना. स्टेडियमवर त्याच्या रंगावरनं कुणी आवाज काढत असेल तर आपल्या क्लबच्या माणसानं तिथं गप्प बसायचं नाही. पण या चढाओढीत लहान क्लबाचं कंबरडं मोडलं. मोठ्यांनी दोन आणले म्हणून मधल्यांनी दोन आणले, मधल्यांनी आणले म्हणून आपल्यासारख्यांनी कर्ज काढून एक आणायचा विचार केला.

मग २०१९ चा ऑगस्ट. जयंती नाल्याच्या काठानं पंचगंगा वस्त्यांत शिरली. आपल्या क्लबची लोखंडी ट्रंक, तीत चेंडू, जाळ्या, पंप, जुने फोटो, १९८४ सालची ढाल, सगळं चार दिवस पाण्याखाली. ढाल गंजली, फोटोंचा लगदा झाला. ते सावरतोय तोवर २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी. मैदानाला कुलूप, फौंड्रीला कुलूप, शाळेला कुलूप. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. सोळा-सतरा वर्षांची पोरं पाठीवर डबे वाहायच्या कामाला लागली ती परत मैदानावर आली नाहीत. कुणाचं लग्न झालं, कुणी पुण्याला गेलं, एक तर दारूत गेला. त्याच्यासारखा राइट विंगर मी वस्तीत पाहिला नाही. असो.

हा झाला मोडण्याचा इतिहास. आता दात्याच्या पैशाचं बघू, कारण आपल्याला वाटतं की आपण गरीब म्हणून आपलं असं झालं. श्रीमंतांचं काय झालं बघा. मुंबईचा महिंद्रा युनायटेड. १९६२ सालचा संघ, २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकलेला. २०१० साली कंपनीनं ठरवलं की आता पुरे, आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ एका निवेदनानं संपला. पुणे एफसी २००७ साली निघाला, आय-लीगमध्ये एकदा दुसरा आला, २०१५ साली मालकानं हात आखडला. एफसी पुणे सिटी २०१९ साली गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला गेली. या संघांकडं काय नव्हतं? गवत होतं, डॉक्टर होता, बस होती, परदेशी कोच होता. नव्हती ती एकच गोष्ट, संघ बंद करताना ज्यांना विचारावं लागेल अशी माणसं. पुण्यात मालकानं कुणाला विचारलं नाही, कारण विचारायची गरजच नव्हती. उलट आपल्या शहरातल्या तालमी बघा. कुणी एक माणूस उठून “उद्यापासून पाटाकडील बंद” म्हणेल काय? त्याला मंगळवार पेठेत दुसऱ्या दिवशी चहा मिळायचा नाही.

आता नावाचं. कुणी म्हणेल, नावात काय एवढं? २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीनं पुरुषांच्या पायात कोल्हापुरी चपला घालून त्यांना मिरवलं. चप्पल आपली, अंगठा आपला, वेणी आपली. नाव नाही. नुसतं ‘लेदर सँडल’. आपल्या सुभाषनगरात रापीनं कातडं तासताना ज्यांची बोटं वाकडी झाली त्यांचा उल्लेख नाही. पण २०१९ सालीच या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं आणि ते संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकच्या महामंडळाच्या नावावर नोंदलेलं होतं. तो कागद होता म्हणून ओरडता आलं, आणि ओरडल्यावर कंपनीला मूळ मान्य करावं लागलं. नाव कागदावर आपलं असेल तर उद्या भांडायला जागा राहते. आपण आज क्लबच्या नावाआधी दुसऱ्याच्या वडलांचं नाव लावलं, तर उद्या भांडण झाल्यावर क्लब कुणाचा ठरेल? कोर्टात जाऊन सांगणार काय, की साहेब, आमचे आजे मिलमधनं सुटून इथं खेळायचे?

जाता जाता एक सांगतो. तुमच्या पायातला चेंडू कुठं तयार होतो माहीत आहे? पंजाबात जालंधरला, नाहीतर मेरठला. जालंधरच्या वस्त्यांत घरोघर माणसं, बायका, एकेकाळी पोरंसुद्धा, बत्तीस तुकड्यांचा चेंडू हातानं शिवत आली. त्यातली बहुतेक आपलीच माणसं, दलित. चेंडू शिवणारा आपला, चप्पल शिवणारा आपला, पळणारा आपला. छातीवरचं नाव तेवढं दुसऱ्याचं.

पैशापायी बंद पडणं ही आपल्या घरात नवी गोष्ट नाही, म्हणून लाजायचं कारण नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढलं. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपये दिले. तरीही १९२३ साली ते बंद पडलं. ‘केसरी’नं तर पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायचं नाकारलं होतं. बाबासाहेब थांबले नाहीत. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ काढलं. त्याचे रकानेच्या रकाने स्वतः भरले. बॅरिस्टर माणूस, लिहायला कारकून नाही! तेही पैशाअभावी १९२९ साली थांबलं. मग १९३० साली ‘जनता’ निघालं. ते वर्षानुवर्षं चाललं आणि १९५६ साली त्याचंच ‘प्रबुद्ध भारत’ झालं. तीनदा मांडलेला डाव आहे हा. आणि शाहू महाराजांनी पैसे दिले म्हणून ‘मूकनायक’च्या नावाआधी त्यांच्या वडलांचं नाव लावा, असं त्यांनी सांगितलं काय? गंगाराम कांबळेंचं तुम्हाला माहीतच आहे. पाण्याला हात लावला म्हणून त्याला मारलं, तर महाराजांनी त्याला भांडवल दिलं, हॉटेल काढायला लावलं, आणि स्वतः येऊन तिथला चहा प्यायले. हॉटेल गंगारामचंच राहिलं. देणारा असा असेल तर आपण दार लावून घेणारे लोक नाही. पण देणारा मागं काय ठेवतो आणि पुढं काय मागतो, ते बघूनच हात पुढं करायचा.

आता काय करायचं ते बोलतो. नुसतं नाही म्हणणं सोपं आहे. मला पुढचं सांगायचंय.

दोन वर्षांमागं मुलांनी परत चेंडूला पाय लावला तेव्हा आपल्याकडं होता एक चेंडू. त्याचीही हवा जायची. दगडांचे गोल. सहावी-सातवीतली पोरं अनवाणी. मी रोज बघायचो. खेळ सुरू करायला पैसा लागत नाही, टिकवायला लागतो, हे तिथं डोळ्यानं दिसलं. मग पाच-सहा बायकांनी आपल्या भिशीत क्लबचं एक खातं धरलं. हे मला सुचलं नव्हतं, आमच्या शेजारच्या मावशींना सुचलं. भिशी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आठवड्याला ठरलेले पैसे टाकायचे, गरजूला त्यातनं कर्ज द्यायचं, व्याज जमत राहतं, दिवाळीला वाटप. मावशी म्हणाल्या, क्लब हाही एक सभासद धरा. क्लबच्या नावानं आम्ही सगळ्या मिळून वीस रुपये टाकतो, दिवाळीला जे येईल ते पोरांचं. पहिल्या दिवाळीला त्यातनं आले तीन चेंडू आणि एक पंप. तीनच. पण ते वस्तीतल्या सोळा बायकांचे होते, आणि चेंडू नाल्यात गेला तर त्या मैदानावर येऊन पोरांचा कान धरायच्या. कुठल्या दात्यानं तुमचा कान धरला होता?

म्हणून माझा पहिला प्रस्ताव भिशीचा. क्लबची स्वतंत्र भिशी. आठवड्याला वीस रुपये, रविवारी सकाळी, मैदानावर. घरी जाऊन मागायचं नाही. ज्याला द्यायचे तो मैदानावर येईल, आणि आला की पोरं कशी खेळतात ते बघेल. ज्याच्याकडं एखाद्या आठवड्याला नसतील त्यानं नुसतं यायचं, त्याच्या नावापुढं रकाना मोकळा ठेवायचा, त्याला कुणी बोलायचं नाही. वही दोघांकडं. लिहिणारा एक, पैसे ठेवणारा दुसरा, दोघं एका घरातले नकोत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी हिशेब मोठ्यानं वाचायचा. चेंडू किती, चुना किती, पायाच्या पट्ट्या किती, रिक्षाभाडं किती. चुन्याची पिशवीसुद्धा सांगायची. मोठ्या रकमांवर भांडणं होत नाहीत, चुन्याच्या पिशवीवर होतात.

दुसरं, नोंदणी. आपला क्लब अजून कागदावर नाही. संस्था नोंदवायला सात माणसं लागतात, आपल्याकडं सत्तर आहेत. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद झाली की दरवर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो, कमिटी बदलली की बदल अर्ज करावा लागतो. कटकट आहे, कबूल. पण नोंदणी झाली की बँकेत खातं, दोन सह्या, आणि क्लबचं नाव कायद्यानं आपलं. शासनाच्या क्रीडा विभागाकडं क्रीडांगण विकासाचं अनुदान असतं, ते नोंदणी नसलेल्याला मिळत नाही. अनुसूचित जातींच्या वस्त्यांच्या सुधारणेचा निधीही दरवर्षी येतो, आणि तो कुठल्या गटारावर, कुठल्या कमानीवर खर्च होतो ते आपण विचारतही नाही. आपल्या मैदानाची पातळी करायला, दोन दिव्यांचे खांब रोवायला, नाल्याच्या बाजूला जाळी लावायला तो पैसा मागायचा. ती भीक नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा सगळ्या गावाचा जीव तुटला, माझाही तुटला, आणि सरकारनं लगेच कोटींत निधी जाहीर केला. बरं झालं. पण २०१९ ला आपली ट्रंक बुडाली तेव्हा पंचनामा करणारा म्हणाला, “खेळाचं सामान यात बसत नाही.” मग बसेल असा कागद तयार करू की आपण!

तिसरं जरा अवघड आहे. बाहेरचा खेळाडू नको. निदान पहिली तीन वर्षं. त्याचा खर्च आपल्या सगळ्या बारक्या पोरांच्या बुटांएवढा आहे. आपण हरू. खालच्या गटातच राहू. पाच-पाच, सहा-सहा गोल खाऊ, पेठेतली पोरं हसतील. हसू देत. इंग्लंडात विम्बल्डन नावाचा क्लब होता. २००२ साली मालकांनी तो उचलून दुसऱ्या गावाला न्यायचं ठरवलं आणि फुटबॉलवाल्यांनी त्याला परवानगी दिली. समर्थकांनी काय केलं? सार्वजनिक मैदानावर चाचणी ठेवली, येईल त्याला खेळवून बघितलं आणि नवा क्लब काढला, तळातल्या तळात, नवव्या पातळीवर. क्लबची मालकी समर्थकांच्या ट्रस्टकडं. नऊ वर्षांत, २०११ साली, ते वरच्या लीगमध्ये परत आले, आणि २०२० साली आपल्या जुन्या भागात स्वतःच्या मैदानावर. बर्लिनच्या युनियन क्लबचं मैदान २००८ साली मोडकळीला आलं होतं आणि पैसे नव्हते, तेव्हा दोन हजारांवर समर्थकांनी फावडी घेतली आणि एक लाख चाळीस हजार तास राबून ते बांधलं. आपल्यात गवंडी किती, वेल्डर किती, सेंट्रिंगवाले किती? गोलपोस्ट वेल्डिंग करायला आपल्याला ठेकेदार लागतो काय?

छातीवर आणि पाठीवर काय लिहायचं त्याचंही एक उदाहरण आहे. ब्राझीलमध्ये लष्कराची राजवट होती. साओ पावलोच्या कोरिंथियन्स क्लबात सॉक्रेटिस नावाचा खेळाडू होता, शिक्षणानं डॉक्टर. १९८२ च्या सुमाराला त्यांनी ठरवलं की क्लबातला प्रत्येक निर्णय मतानं घ्यायचा, आणि कप्तानाचं मत आणि कपडे सांभाळणाऱ्याचं मत सारखं. त्याच वर्षी निवडणूक आली तेव्हा पाठीवर त्यांनी कुणा पुढाऱ्याचं नाव छापलं नाही. पंधरा तारखेला मत द्या, एवढंच छापलं. जर्सी म्हणजे भिंत आहे दोस्तहो. आपली भिंत दुसऱ्याला रंगवायला देण्याआधी आपल्याला त्यावर काय लिहायचंय ते ठरवा.

रॅलीचं राहिलं. तुम्हाला वाटतं एक दिवस झेंडा धरला तर काय बिघडतं. शाहू स्टेडियमवर मॅचनंतर दगड उडतात, पोलीस येतात, केस होते हे तुम्ही पाहिलंय. रॅलीतही तेच होतं. केस पोराच्या नावावर लागते, पुढाऱ्याच्या नाही. मग पोलीस भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ती निघते. वस्तीतली दोन पोरं अशी घरी बसलीत, त्यांची नावं मी सांगत नाही, ती इथंच बसलीत.

आपल्या गावच्या अनिकेत जाधवचं नाव तुम्ही घेता. घ्याच. रिक्षा चालवणाऱ्या बापाचा पोरगा २०१७ साली दिल्लीत सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडनं खेळला. पण त्याची वाट कशी गेली ते बघा. लहानपणीच गाव सोडून बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत, मग अकादमीत. आपल्यातला कुणी असा निघाला, कुठल्या पेठेनं, कुठल्या अकादमीनं मागितला, तर त्याला अडवायचं नाही. भिशीतनं त्याचं एसटीचं तिकीट काढायचं. क्लब ही कोंडवाड्यासारखी गोष्ट नाही. पण शंभरातला एक जातो, नव्याण्णव इथंच राहतात, आणि क्लब त्या नव्याण्णवांसाठी आहे.

आणि पोरी. मागच्या रविवारी सात-आठ पोरी मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “आम्हाला कधी घेणार?” एका मोठ्या माणसानं तिथंच उत्तर दिलं, आधी पोरांचं तरी होऊ दे. हे ‘आधी’ मी लहानपणापासून ऐकतोय. आधी स्वातंत्र्य, मग जात. आधी वर्ग, मग जात. आता आधी पोरं, मग पोरी. भिशी बायकांच्या पैशानं उभी राहिली आहे. शनिवार सकाळ पोरींची, साडेसहा ते आठ, हा माझा चौथा प्रस्ताव. ज्याला मान्य नाही त्यानं इथं उभं राहून बोलावं, बाहेर पानटपरीवर नाही.

त्या गृहस्थांना काय कळवायचं? सभ्य भाषेत कळवू. पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या, पावती मिळेल, हिशेब वाचताना तुमचं नाव इतर सभासदांच्या यादीत त्याच आवाजात वाचलं जाईल. आठवड्याला वीस रुपये. जास्त द्यायचे असतील तर बुटांच्या जोड्या द्या, नंबर आम्ही कळवतो. छाती मोकळी नाही.

आता मत घेऊ. हात वर करायचे, पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांनी, खेळणाऱ्यांनी आणि न खेळणाऱ्यांनी, बायकांनीसुद्धा. मोजायला दोघं पुढं या. वही मी आणलीय, दोनशे पानी, पहिल्या पानावर तारीख घातलीय. ठराव झाला तर येत्या रविवारी सात वाजता मैदानावर, सुट्टे घेऊन या.